अंतर्गत रंगकाम आणि सजावट

इमारतीच्या आतल्या भिंती, छत, दारे-खिडक्या आणि इतर लाकडी-लोखंडी भागांना रंग, वॉर्निश, वॉलपेपर किंवा पोताचे लेपन देऊन ते टिकाऊ, पुसता येण्याजोगे आणि देखणे करण्याचे काम. तपासणी, दुरुस्ती, घासाई, प्राइमर म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, रंगाचे हात आणि शेवटची साफसफाई असा त्याचा क्रम असतो. यातला शेवटचा हात तेवढा डोळ्यांना दिसतो, बाकी सगळे त्याच्याखाली झाकले जाते. म्हणून या कामाचा दर्जा ओळखणे अवघड आहे. काम संपते त्या दिवशी मन लावून केलेली भिंत आणि उरकून टाकलेली भिंत सारख्याच ताज्या दिसतात. फरक कळायला वर्ष-दोन वर्षे जातात, आणि तोवर हिशेब चुकता झालेला असतो. त्यामुळे रंगकामाची सेवा जोखायची तर रंगाचा डबा उघडण्याआधी काय काय होते, ते पाहावे लागते.

रंगाचा थर किती पातळ असतो, याचा हिशेब सोपा आहे. एक लिटर रंग १० चौरस मीटर भिंतीवर पसरला, की ओल्या थराची जाडी १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग होते. इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या, रंगात आकारमानाने साधारण ३५ ते ४० टक्केच घन भाग असतो, बाकीचे पाणी उडून जाते. मागे राहतो तो ३५ ते ४० मायक्रॉनचा पापुद्रा. दोन हात दिले तरी जाडी माणसाच्या केसाएवढीच भरते. एवढ्या पापुद्र्याने खड्डा भरत नाही, तडा सांधला जात नाही आणि भुसभुशीत गिलावा घट्ट होत नाही. खाली जे असेल ते वर उमटतेच.

कोणत्याही रंगात रंगद्रव्य, ते भिंतीला धरून ठेवणारे बंधक, पातळ करणारा द्रव आणि थोडी पूरक रसायने असतात. जुन्या चुन्याच्या रंगात बंधक वेगळे घालावे लागत नसे. विरी गेलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी बनतो आणि भिंतीला धरतो. डिस्टेंपरमध्ये सरस किंवा दुधातले केसीन हे काम करी, पण असा रंग पाण्याने पुसला की हाताला लागे. तैलरंग टिकाऊ होते, मात्र त्यांतला पांढरा रंग दीर्घकाळ शिशापासून, म्हणजे सफेद्यापासून, येत होता. शिशाचे विष रंगाऱ्यांच्या अंगात भिनत असे. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने इमारतींच्या आतील रंगकामात सफेदा वापरण्यावर बंदी घालणारा करार मांडला, तो याच कारणाने. पुढे सफेद्याची जागा टायटॅनियम डायऑक्साइडने घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्यात मिसळणारे इमल्शन रंग आले आणि १९५० च्या दशकापासून अ‍ॅक्रिलिक बंधकांचा प्रसार झाला. आज घरांच्या आतल्या भिंतींवर बहुतेक ठिकाणी हेच रंग असतात.

तपासणी. चांगला रंगारी आधी भिंतीशी बोलतो, शेड कार्ड नंतर काढतो. तळहात भिंतीवरून फिरवून तो पाहतो, की पांढरी भुकटी लागते का. लागली तर जुन्या रंगातले बंधक संपले आहे आणि त्यावर दिलेला नवा हात त्या भुकटीसकट सुटून येणार. मग तो ब्लेडने फुलीसारखी चीर पाडतो, वर चिकटपट्टी घट्ट दाबतो आणि झटक्यात ओढतो. पट्टीबरोबर पापुद्रे आले, तर ते खरवडून काढण्याला पर्याय नाही. भिंतीवर बोटांनी टकटक केली आणि आवाज पोकळ आला, तर गिलावाच सुटला आहे. तिथे आधी गवंड्याचे काम.

सगळ्यांत मोठा शत्रू ओल. फुगे, पोपडे, बुरशी आणि लोणा यांतल्या बहुतेकांचे मूळ पाण्यात असते. पाणी भिंतीतून बाहेर पडताना विरघळलेले क्षार सोबत आणते. पाणी उडून जाते, क्षार मात्र रंगाखाली साठून त्याला ढकलतात. वरून जलरोधक रंग मारून ओल थांबत नाही, ती बाजूने वाट काढते. गळका नळ, छपराची भेग, जमिनीतून चढणारे पाणी किंवा हवा न खेळल्याने साचणारे दव, यांतले नेमके काय आहे ते शोधून आधी तेच दुरुस्त करावे लागते. शंका असेल तर प्लॅस्टिकचा हातभर कागद चारही कडांनी टेपने भिंतीला चिकटवून एक दिवस तसाच ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूला पाणी धरले तर ओल भिंतीतून येते आहे, बाहेरच्या बाजूला धरले तर खोलीतल्या हवेतून. ही चाचणी फुकट होते आणि तरीही सर्रास टाळली जाते, हे खटकणारे आहे. ओल असताना काम पुढे रेटणाऱ्यापेक्षा ‘आत्ता रंग देऊ नका’ असे सांगून काम पुढे ढकलणारा रंगारी विश्वासाचा.

नव्या सिमेंटच्या गिलाव्याला किमान ४ आठवडे द्यावे लागतात. ताजे सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा पीएच १२ च्या वर असतो. त्यावर तैलरंग दिला तर अल्कली तेलाचा साबण करते आणि थर चिकट होऊन सुटतो.

तयारी. कामाचा अर्ध्याहून अधिक वेळ इथे गेला, तर ते काम बरोबर चालले आहे असे समजावे. जुने पापुद्रे खरवडणे, तेलकट डाग धुणे, बुरशी मारून भिंत वाळवणे, मग तडे. केसासारखा तडा नुसत्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरला तर काही महिन्यांत तो पुन्हा त्याच जागी दिसतो. तो पत्तीच्या टोकाने इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा उघडायचा, धूळ झटकायची, प्राइमर पाजायचा आणि मग भरायचा. हलणाऱ्या सांध्यांवर, उदाहरणार्थ चौकट आणि भिंत यांच्यामध्ये, लवचीक अ‍ॅक्रिलिक सीलंटच हवे. कडक लांबी तिथे टिकत नाही. पाण्याचे आणि धुराचे डाग इमल्शनमधून पुन्हा वर झिरपतात. चार हात दिले तरी पिवळी कड उमटते, म्हणून त्या जागी आधी डाग अडवणारा प्राइमर लागतो.

लांबी किंवा पुट्टी पातळ थरांत भरतात. एकदम जाड थर दिला तर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि आकसताना फाटतो. एक थर आडवा, दुसरा उभा, दोघांमध्ये पूर्ण वाळवण. मग घासाई, आणि कारागिराचा कस इथे लागतो. खोलीत अंधार करून बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून धरली, की प्रकाश भिंतीवरून सरपटत जातो आणि समोरून गुळगुळीत दिसणारी भिंत एकाएकी वाळूच्या पुळणीसारखी दिसू लागते. पत्तीच्या कडेने उठलेल्या रेघा, बोटभर खळगे, घासायचा राहिलेला फुगवटा, प्रत्येकाची सावली पडते. मन लावून काम करणारा त्या उजेडात पेन्सिलीने बारीक खुणा करत जातो आणि त्या जागा पुन्हा भरून बारीक पॉलिश पेपर मारतो. खिडकीलगतच्या भिंतीवर आणि भिंतीवरच्या दिव्यांखाली हे केलेच पाहिजे, कारण तिथे रोजचा प्रकाशच असा तिरका पडतो.

घासाईची धूळ पुसल्याशिवाय प्राइमर देत नाहीत. प्राइमरमुळे भिंतीचे पाणी पिणे सगळीकडे सारखे होते. तो वगळला तर लांबी भरलेल्या जागा रंग जास्त पितात आणि वाळल्यावर फिकट ठिपके दिसतात. शिशावर बंदी येण्याआधीच्या इमारतीत मात्र जुना रंग कोरडा घासू नये. अमेरिकेत घरगुती वापरातल्या शिशाच्या रंगांवरची बंदी १९७८ सालची आहे, म्हणजे असे थर अजून कित्येक भिंतींवर असू शकतात. आधी चाचणी करावी. शिसे आढळले तर ओली घासाई, योग्य मुखपट्टी आणि धुळीची बंदिस्त विल्हेवाट हवी. लहान मुलांच्या मेंदूला या धुळीने कायमची इजा होते, त्यामुळे इथे घाईला जागा नाही.

रंग देणे. एकाच छटेचे सगळे डबे आधी मोठ्या बादलीत एकत्र करून घेतात, कारण दोन बॅचमध्ये पुसटसा फरक असतो आणि तो नेमका भिंतीच्या मध्यावर दिसतो. पाणी डब्यावर लिहिले असेल तेवढेच. जास्त पाणी घातले की रंग पुरतो, पण थर आणखी पातळ होतो. छत आधी, मग भिंती, शेवटी लाकूडकाम. कडा कुंचल्याने काढायच्या आणि त्या ओल्या असतानाच रोलर त्यांना भिडवायचा. कडा वाळू दिल्या तर भिंतीभोवती तसबिरीच्या चौकटीसारखा पट्टा दिसत राहतो. एक भिंत मध्येच सोडून जेवायला जायचे नसते. भिंत एका दमात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत संपवावी लागते. बहुतेक इमल्शनांना दोन हातांमध्ये २ ते ४ तास लागतात, थंड किंवा दमट हवेत त्याहून जास्त. साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली अनेक इमल्शनांचे कण एकमेकांत नीट मिसळत नाहीत आणि थर ठिसूळ राहतो.

छटेची निवड शेड कार्डावरच्या बोटभर चौकोनावरून करणे धोक्याचे. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात देऊन तो वेगवेगळ्या भिंतींवर, सकाळी, संध्याकाळी आणि दिव्याखाली पाहावा. दिवसाउजेडी जुळणाऱ्या दोन छटा दिव्याखाली वेगळ्या दिसू शकतात. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग टाकतात, त्यामुळे खोलीत छटा पुठ्ठ्यापेक्षा गडद भासते. झगझगीत पिवळे आणि लाल रंग झाकण्यात कमजोर असतात. त्यांना रंगीत अस्तर आणि कधी तिसरा-चौथा हातही लागतो, आणि हे ग्राहकाला आधी कळायला हवे.

चकाकीचेही गणित आहे. मॅट, म्हणजे बिनचकाकीचा, रंग भिंतीचे दोष लपवतो, पण घासला की झिजतो किंवा चकाकतो. मंद चकाकीचा सॅटिन आणि झगझगीत ग्लॉस पुसायला सोपे, मात्र प्रत्येक खळगा दाखवतात. युरोपातील ईएन १३३०० या मानकात ओल्या घासणीचे २०० फेरे दिल्यावर ५ मायक्रॉनपेक्षा कमी झीज झालेला रंग पहिल्या वर्गात बसतो. तिसऱ्या वर्गात ही झीज ७० मायक्रॉनच्या जवळ जाऊ शकते. दोन हातांची एकूण जाडी लक्षात घेतली तर मुलांच्या खोलीसाठी कोणता वर्ग निवडावा ते वेगळे सांगावे लागत नाही.

लाकूडकाम आणि वॉलपेपर. लाकडाच्या गाठींतला राळ रंगातून वर येतो, म्हणून गाठींवर आधी लाखेचा लेप देतात. वॉलपेपरची पहिली पट्टी ओळंब्यानेच लावायची, कारण खोलीचे कोपरे क्वचितच सरळ असतात आणि पहिल्या पट्टीची चूक दहाव्या पट्टीपर्यंत वाढत जाते. सगळे रोल एकाच बॅचचे घ्यावे, आणि नक्षी जुळवताना वाया जाणारा कागद मोजणीत आधीच धरावा.

सेवेकडून काय अपेक्षावे. अंदाजपत्रक जागा पाहून, मोजून आणि लेखी मिळावे. त्यात ‘चांगला रंग’ एवढेच लिहिलेले असेल तर ते अपुरे आहे. उत्पादनाचे पूर्ण नाव, चकाकी, प्राइमर, लांबीचे थर, रंगाचे हात, दारे-खिडक्यांची वजावट, सामान हलवण्याची आणि झाकण्याची जबाबदारी, वाढीव कामाचा दर आणि नंतरच्या दुरुस्तीची मुदत हे सगळे त्यात असावे. दोन अंदाजपत्रकांत मोठी तफावत असेल, तर बहुतेक वेळा ती तयारीच्या रकान्यात सापडते. लांबीसकट सबंध घर दोन दिवसांत उरकण्याचे आश्वासन मिळाले, तर वाळवणीचा वेळ कापला जाणार हे निश्चित.

काम सुरू असताना फरशी झाकलेली, स्विचबोर्डांची झाकणे काढलेली आणि खिडक्या उघड्या असाव्यात. वास नाही म्हणजे रंग निर्धोक असे नव्हे, तांत्रिक पत्रकातला व्हीओसीचा, म्हणजे हवेत उडून जाणाऱ्या सेंद्रिय रसायनांचा, आकडा पाहावा. युरोपीय संघात आतल्या भिंतींच्या पाणीमिश्रित मॅट रंगांसाठी २०१० पासून लिटरमागे ३० ग्रॅमची मर्यादा आहे. मास्किंग टेप रंग पूर्ण कडक होण्याआधी, तिरकी ओढून काढतात, नाहीतर कड दातेरी होते.

काम ताब्यात घेताना वादही होतात, आणि त्यांवर अमेरिकेतील रंग-कंत्राटदारांच्या संघटनेचे मानक उपयोगी आहे. खोलीतल्या नेहमीच्या प्रकाशात, भिंग न लावता, सुमारे १ मीटर अंतरावरून पृष्ठभाग रंगाने, पोताने आणि चकाकीने एकसारखा दिसावा. ओघळ, गुठळ्या, सुटलेल्या जागा आणि शिंतोडे नसावेत. नाक लावून भिंत तपासणे अन्यायाचे, पण या अंतरावरून जे दिसते ते दुरुस्त करून देणे रंगाऱ्याचे काम. दाराची वरची कड, रेडिएटर किंवा पाइपामागची भिंत आणि कपाटाच्या आतली बाजू पाहावी. कुणी पाहणार नाही अशा जागी हात कसा चालला आहे, त्यावरून बाकीच्या कामाचा अंदाज येतो.

प्रत्येक छटेचे नाव, क्रमांक आणि बॅच लिहून घ्यावी, आणि उरलेला रंग लहान घट्ट डब्यात भरून द्यायला सांगावे, कारण अर्ध्या रिकाम्या डब्यातल्या हवेने त्यावर साय धरते. भिंत हाताला तासाभरात कोरडी लागली तरी इमल्शन पूर्ण पक्के व्हायला २ ते ४ आठवडे लागतात. तोवर तिला ओले फडके लावू नये आणि कपाटे टेकवू नयेत.