इमॅक्स.ईएक्सई की रनइमॅक्स.ईएक्सई: काळ्या विंडोचा घोळ एकदा निस्तरूया

विंडोजवर इमॅक्स हा टेक्स्ट एडिटर टाकला, बिन फोल्डरमध्ये जाऊन इमॅक्स.ईएक्सईवर डबलक्लिक केलं की एडिटर उघडतो आणि सोबत एक काळी कन्सोल विंडो (कमांड टाइप करायची, मजकूर छापायची खिडकी) पण उघडते. मग कुणीतरी विचारतं ही घालवायची कशी, आणि ठरलेलं उत्तर येतं की अरे ती टर्मिनलवाली आवृत्ती आहे, ग्राफिकल पाहिजे तर रनइमॅक्स वापर. उपाय बरोबर आहे पण कारण साफ चूक आहे, आणि ते चुकीचं कारण डोक्यात बसलं की हीच मंडळी पुढे टास्कबारला पिन करताना अडकतात, गिटला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला) एडिटर जोडताना तर हमखास अडकतात.

रनइमॅक्स ही इमॅक्सची वेगळी आवृत्ती नाहीच. तो एक एवढासा लाँचर आहे. त्याचं काम इतकंच की शेजारच्या इमॅक्स.ईएक्सईला सुरू करायचं, सुरू करताना विंडोजला सांगायचं की याचा कन्सोल दाखवू नकोस, आणि स्वतः बंद व्हायचं. पटत नसेल तर रनइमॅक्सने एडिटर उघडा आणि टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये बघा. तिथे इमॅक्स.ईएक्सई दिसेल, रनइमॅक्स कुठेच नसेल. सेटिंगची फाइल तीच, पॅकेजेस तीच, फॉन्ट तेच, फाइलचं नाव द्यायची पद्धत पण तीच, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही.

आता ती काळी विंडो येते कुठून, हे नीट समजून घ्या कारण सगळा घोळ इथेच आहे. विंडोजच्या प्रत्येक ईएक्सई फाइलच्या हेडरमध्ये सबसिस्टिम नावाचा एक आकडा असतो, 2 म्हणजे जीयूआय (ग्राफिकल विंडोवाला) प्रोग्रॅम आणि 3 म्हणजे कन्सोल प्रोग्रॅम. प्रोग्रॅमची पहिली ओळ चालायच्या आधीच विंडोज हा आकडा वाचतं. 3 असेल आणि ज्याने प्रोग्रॅम सुरू केला त्याच्याकडे आधीच कन्सोल असेल, म्हणजे तुम्ही कमांड प्रॉम्प्टमध्ये टाइप करून चालवला असेल, तर तोच कन्सोल वापरला जातो. पण एक्सप्लोररमधून डबलक्लिक केलं तर एक्सप्लोररकडे कन्सोल नसतो, मग विंडोज नवा बनवून देतं, आणि तीच ती काळी विंडो. प्रोग्रॅम पुढे जाऊन ग्राफिकल विंडो उघडणार आहे की नाही याच्याशी विंडोजला काही देणंघेणं नसतं. इमॅक्स.ईएक्सईचा आकडा 3 आहे, आणि तो मुद्दाम 3 आहे, कारण त्याच एका फाइलला एनडब्ल्यू ऑप्शन देऊन टर्मिनलमध्ये पण चालायचं असतं आणि बॅच मोडमध्ये (एडिटर न उघडता) स्क्रिप्टमधून पण. म्हणजे टर्मिनल की ग्राफिकल हे ऑप्शनवर ठरतं, ईएक्सईच्या नावावर नाही. साधं इमॅक्स.ईएक्सई चालवलं तरी मिळतो तो ग्राफिकल इमॅक्सच.

लोकांची गल्लत होते ती पायथनमुळे असं माझं मत आहे. पायथन.ईएक्सई आणि पायथनडब्ल्यू.ईएक्सई, जावा आणि जावाडब्ल्यू, विम आणि जीविम, या जोड्यांमध्ये दोन खरोखर वेगळ्या ईएक्सई आहेत आणि दुसरीचा आकडा 2 आहे, तिला विंडोज कन्सोल देतच नाही. रनइमॅक्सने उघडलेल्या इमॅक्सला मात्र कन्सोल मिळालेला असतो, फक्त लपवलेला. कन्सोल नसणं आणि कन्सोल लपलेला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इमॅक्सच्या घरात पहिला प्रकार पण आहेच: इमॅक्सक्लायंट.ईएक्सई आणि इमॅक्सक्लायंटडब्ल्यू.ईएक्सई (आधीच चालू असलेल्या इमॅक्समध्ये फाइल उघडून देणारे छोटे प्रोग्रॅम) ही जोडी पायथनसारखी आहे, रनइमॅक्ससारखी नाही.

हे कळलं की पिनचं कोडं आपोआप सुटतं. रनइमॅक्सने उघडलं, टास्कबारवर चिन्ह आलं, राइट क्लिक करून पिन केलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या पिनवर क्लिक केलं तर काळी विंडो हजर. कारण पिन झाला तो चालू असलेला प्रोग्रॅम, म्हणजे इमॅक्स.ईएक्सई, रनइमॅक्स तर कधीच गेलेला. पिन केलेल्या चिन्हावर राइट क्लिक करा, वर येणाऱ्या यादीत इमॅक्सच्या नावावर परत राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि टार्गेटमध्ये इमॅक्स.ईएक्सईच्या जागी रनइमॅक्स.ईएक्सई लिहा, बाकी पाथ तसाच ठेवा.

शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये "मिनिमाइज्ड" निवडायचा सल्ला देणाऱ्यांनी कृपा करून तो देणं थांबवावं. मिनिमाइज केलेली काळी विंडो टास्कबारवर तशीच पडून राहते, कधीतरी तुम्ही पसारा आवरताना ती बंद करता, आणि तिच्याबरोबर आख्खा इमॅक्स जातो. सेव्ह न केलेल्या फाइलबद्दल तेव्हा तो नेहमीसारखं विचारत नाही, ऑटोसेव्हमधून जे परत मिळेल ते. कमांड प्रॉम्प्टमधून इमॅक्स.ईएक्सई चालवून नंतर तो प्रॉम्प्ट बंद केला तरी हेच होतं. दुसरा सल्ला म्हणजे व्हीबीस्क्रिप्टची दोन ओळींची फाइल बनवा आणि विंडो स्टाइल शून्य द्या. चालते, पण ती जे करते तेच रनइमॅक्स करतो आणि तो सोबत आलेलाच आहे, वर मायक्रोसॉफ्टने 2023 मध्ये व्हीबीस्क्रिप्ट हळूहळू काढून टाकणार असं जाहीर केलंय, मग नव्याने त्याच्या नादी कशाला लागायचं?

आता उलटी चूक. रनइमॅक्स चांगला म्हणून काही लोक तो सगळीकडे लावतात, गिटला पण. गिट एडिटर उघडतं आणि तो बंद होण्याची वाट बघतं. रनइमॅक्स रिक्षावाल्यासारखा आहे, स्टेशनला सोडलं की निघाला, गाडी सुटेपर्यंत थांबत नाही. गिटला वाटतं एडिटरचं काम झालं, ते तुम्ही अजून काहीच न लिहिलेली फाइल वाचतं आणि कमिट मेसेज रिकामा आहे म्हणून कमिट (बदलांची नोंद) रद्द करतं, तुम्ही अजून पहिला शब्द टाइप करताय. गिटसाठी इमॅक्सक्लायंट द्या, तो तुमचं काम होईपर्यंत थांबतो, आणि गिट टर्मिनलमधूनच चाललेलं असल्यामुळे नवी काळी विंडो येत नाही. त्याआधी इमॅक्समध्ये सर्व्हर-स्टार्ट (इमॅक्सक्लायंटचं ऐकायला लावणारी कमांड) झालेलं पाहिजे, ती ओळ सेटिंगच्या फाइलमध्येच टाकून ठेवा.

तसंच बॅच मोड, व्हर्जन बघणं, हेल्प बघणं यासाठी इमॅक्स.ईएक्सईच. रनइमॅक्सला व्हर्जन विचारलं तर उत्तर त्या लपवलेल्या कन्सोलवर छापलं जातं आणि तुमच्या समोर काहीच येत नाही, मग लोक म्हणतात इन्स्टॉलेशन बिघडलं.

एक्सप्लोररमध्ये "ओपन विथ"ला मात्र इमॅक्सक्लायंटडब्ल्यू लावा, शेवटच्या डब्ल्यूसकट. साधा इमॅक्सक्लायंट तिथे लावलात तर प्रत्येक फाइल उघडताना काळी विंडो येईल, आणि फाइलचं काम संपवेपर्यंत ती जाणार पण नाही.