एअर इंडिया बिल्डिंग, मुंबई

दक्षिण मुंबईत नरिमन पॉइंट येथे, मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकाला उभी असलेली २३ मजली कार्यालयीन इमारत. १९७४ साली ती पूर्ण झाली आणि २०१३ पर्यंत एअर इंडियाचे मुख्यालय इथेच होते.

इमारतीखालची जमीन मुळात समुद्राची. बॅक बे या उपसागरात भराव घालायचे काम ब्रिटिश काळातच सुरू झाले होते आणि त्यातला गैरकारभार १९२०च्या दशकात बॅरिस्टर खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. बदनामीचा खटला अंगावर घेऊन ते त्यातून निर्दोष सुटले. पुढे त्याच उपसागरात भर टाकून तयार झालेल्या भागाला त्यांचे नाव मिळाले, ही गोष्ट मुंबईकराने विसरू नये अशी आहे. १९७०च्या सुमारास इथे उंच इमारती उभ्या राहू लागल्या. शेजारचा एक्सप्रेस टॉवर्स त्याच काळातला.

एअर इंडियाच्या इमारतीचा आराखडा न्यूयॉर्कचे वास्तुरचनाकार जॉन बर्गी यांचा. जे. आर. डी. टाटा तेव्हा कंपनीचे अध्यक्ष होते. माथ्यावर कंपनीचे बोधचिन्ह होते: धनुष्य ताणलेला, अर्धा माणूस आणि अर्धा घोडा असलेला धनुर्धारी. रात्री क्वीन्स नेकलेसच्या, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या, दिव्यांच्या ओळीवरून नजर फिरवत आले की शेवटी ती या धनुर्धाऱ्यावर येऊन थांबे. आतही श्रीमंती होती. हुसेन, गायतोंडे यांच्यासह अनेक चित्रकारांच्या कलाकृती कंपनीने हौसेने जमवल्या होत्या. हा संग्रह पुढे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला आणि लोकांना पाहता येण्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले.

१२ मार्च १९९३ रोजी, शुक्रवारी दुपारी, मुंबईभर झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांपैकी एक या इमारतीत झाला. स्फोटके मोटारीत भरून आणली होती. जेवणाची सुट्टी नुकतीच सरत होती. टेबलाशी परतलेली, तिकिटासाठी खिडकीशी उभी असलेली साधी माणसे त्यात सापडली. इथे २० जण मृत्युमुखी पडले. शहरभरातील मृतांचा आकडा २५७ झाला. स्फोटाच्या जवळची बँकेची कचेरी उद्ध्वस्त झाली, पण इमारतीचा सांगाडा टिकला. डागडुजीनंतर लोक पुन्हा त्याच टेबलांवर कामाला बसले. इमारतीच्या इतिहासातली ही बाब बोधचिन्हापेक्षा मोठी मानली पाहिजे.

२०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीला हलले आणि बरेच मजले भाड्याने दिले गेले. जानेवारी २०२२ मध्ये सरकारी मालकीची एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे गेली, मात्र ही इमारत त्या व्यवहारात नव्हती. ती केंद्राच्या एआय अॅसेट्स होल्डिंग कंपनीकडे राहिली. जमीन राज्याची, भाडेपट्ट्याने दिलेली. जून २०१२च्या आगीनंतर मंत्रालयाला जागेची चणचण होतीच. अखेर २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १,६०१ कोटी रुपयांना इमारत घेण्यास मान्यता दिली आणि अनर्जित उत्पन्न (जमिनीच्या वाढलेल्या किमतीतला राज्याचा वाटा) व व्याजापोटीचे सुमारे २९८ कोटी रुपयांचे येणे माफ केले. मार्च २०२४ मध्ये केंद्राचीही संमती मिळाली. मंत्रालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर सुमारे ४६,४७० चौरस मीटर जागा यामुळे सरकारी कार्यालयांना मिळणार, असे तेव्हा ठरले.