टँकरवरच्या चौकटीचा इतिहास

वणी-घुग्घुसच्या खाणींकडे स्फोटकांच्या व्हॅन जातात, अकोल्याजवळच्या गायगाव डेपोतून पेट्रोल-डिझेलचे टँकर निघतात. त्यांच्यावरचा तिरका चौकोन, चार आकडे आणि बाजूची अक्षरं रस्त्याकाठच्या गावांना रोज दिसतात. ती वाचायला मात्र गावाला कुणी शिकवलं नाही.

आपल्याकडे स्फोटकांचा कायदा १८८४ चा, पेट्रोलियमचा १९३४ चा. दोन्हींवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचं मुख्यालय नागपुरातच आहे. पण आम्लं, कीटकनाशकं या कायद्यांत बसत नव्हती. देशोदेशी खुणाही वेगवेगळ्या होत्या. १९५६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या पहिल्या शिफारशी आल्या. आज त्यांत नऊ वर्ग आहेत, तिरका चौकोन तोच वर्ग दाखवतो: स्फोटकं पहिल्या वर्गात, वायू दुसऱ्या, पेट्रोलसारखे पेटणारे द्रव तिसऱ्या, विषारी पदार्थ सहाव्या, आम्लं आठव्या. चार आकडे म्हणजे पदार्थाची ओळख. पेट्रोल १२०३, स्वयंपाकाचा गॅस १०७५.

अक्षरांची पद्धत लंडनच्या अग्निशमन दलातून १९७० च्या दशकात पुढे आली. पेट्रोलवर ‘३ वाय ई’ असतं. ३ म्हणजे फेस मारा. वाय म्हणजे भडक्याचा धोका आहे, सांडलेलं नाल्यात जाऊ देऊ नका. ई म्हणजे माणसं हलवण्याचा विचार करा. ही सगळी भाषा बंबावरच्या जवानासाठी घडली.

डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ घडलं. ती गळती कारखान्यातली होती, पण घातक रसायनांकडे पाहण्याची सरकारची नजर त्यानंतर बदलली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत धोकादायक मालाच्या गाडीवर माहितीफलक, केबिनमध्ये लेखी सूचना आणि चालकाला खास प्रशिक्षण बंधनकारक झालं. चालकाला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी, अशीही अट आहे.

नियमांनी चालकाचा विचार केला, पहिल्यांदा धावून येणाऱ्या गावकऱ्याचा नाही. मला हीच उणीव सर्वांत मोठी वाटते. मे २०२२ मध्ये चंद्रपूर-मूल रस्त्यावर अजयपूरजवळ इंधनाचा टँकर आणि लाकडाचा ट्रक धडकून नऊ जण जळून गेले. अशा आगीत जवळ जाताच येत नाही. पण टँकर नुसताच उलटला की लोक डबे-बादल्या घेऊन धावतात. ग्रामसभेत एवढं तरी सांगायला हवं: वारा जिकडून येतो त्या बाजूला, लांब उभे राहा, विडी-काडी पेटवू नका आणि लांबूनच दिसले तर चार आकडे फोनवर सांगा. फेस घेऊन निघायचं की पाणी, हे तालुक्याच्या बंबाला त्यावरूनच ठरवता येतं.