अकाउंट हॅक झालंय की कोणी डुप्लिकेट काढलंय? आधी ते बघा, मग रिपोर्ट मारा

"मित्रांनो माझं अकाउंट हॅक झालंय, माझ्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका." ही पोस्ट तुमच्याही फीडमधे येऊन गेली असणार, कोणाची ना कोणाची चालूच असते. आता गंमत बघा, ज्या अकाउंटवर ही पोस्ट पडलीये तेच हॅक झालं असेल तर ती टाकली कोणी, चोराने? म्हणजे बहुतेक वेळा हॅक वगैरे काही झालेलंच नसतं, कोणीतरी फोटो उचलून त्याच नावाचं दुसरं अकाउंट काढलेलं असतं आणि बिचारा खरा माणूस आपलं सगळं गेलं म्हणून घाबरून बसलेला असतो.

तुम्ही म्हणाल काय फरक पडतो, दोन्हीकडे चोरच ना. पडतो, आणि बराच पडतो. डुप्लिकेट असेल तर ते अकाउंट बंद पाडायचं असतं, हॅक असेल तर अकाउंट वाचवायचं असतं. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर नुसता फुकट जात नाही, उलटा बसतो. समजा एखाद्याचं अकाउंट खरंच हॅक झालंय आणि मित्रांनी प्रेमापोटी 'फेक आहे फेक आहे' म्हणून धडाधड रिपोर्ट केले आणि कंपनीने ते मान्य केले, तर बंद काय पडणार? त्याचंच खरं अकाउंट, इतक्या वर्षांचे फोटो, मेसेज, त्याच्यावरनं चालवत असलेलं धंद्याचं पेज, सगळ्यासकट.

डुप्लिकेट म्हणजे कोणीतरी तुमच्या नावाची पाटी रंगवून पलीकडच्या बिल्डिंगमधल्या भलत्याच दारावर लावली आणि तुमच्या पाहुण्यांना तिकडे बोलावतोय. तुमच्या घराला हात लागलेला नाहीये. हॅक म्हणजे तो तुमच्याच घरात घुसून आतनं कडी लावून बसलाय. बस, एवढं कळलं की पुढचं सोपं आहे.

ओळखायचं कसं? तुमच्यापेक्षा ज्याला मेसेज आलाय त्याला ते पटकन कळतं, पण त्याला कोणी विचारतच नाही. त्याला एकच सांगा, तो मेसेज कुठे आलाय ते बघ. जुन्या चॅटच्या खाली आलाय, म्हणजे वर तुमच्या दिवाळीच्या शुभेच्छा, त्याच्या पोराच्या वाढदिवसाचा केक वगैरे दिसतंय आणि त्याच्याच खाली "अर्जंट २० हजार पाठव" आलंय, तर हॅक. कोरी करकरीत विंडो उघडली, वर काहीच नाही, आणि आधी एक नवी फ्रेंड रिक्वेस्ट येऊन गेलेली, तर डुप्लिकेट. तुमच्या बाजूने बघायचं तर फोनवर अकाउंट नेहमीसारखं उघडतंय का, तुमच्या मेसेजमधे तुम्ही न पाठवलेलं काही दिसतंय का, पासवर्ड किंवा ईमेल बदलल्याचा मेल आलाय का. यातलं काहीच नसेल तर निवांत एक चहा घ्या, बहुतेक हॅक नाहीये (एक फसवा प्रकार असतो, तो पुढे सांगतो).

मुलुंडला आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंचं असंच झालं. त्यांच्या भाच्याला मेसेंजरवर काकूंच्या नावाने "हाय, कैसे हो" आलं. काकू बँकेत सुद्धा मराठीतच भांडतात, त्यामुळे भाच्याला तिथेच वास आला. मग पुढे ते नेहमीचं सुरू झालं, मेरा एक दोस्त सीआरपीएफ में है, ट्रान्स्फर हुआ है, घर का फर्निचर सस्ते में दे रहा है, सोफा, फ्रिज, वॉशिंग मशीन, मैंने चेक किया है अच्छा है. (हा सीआरपीएफवाला दोस्त गेली कित्येक वर्षं भारतभर ट्रान्स्फर होत फिरतोय आणि त्याचं फर्निचर काही संपत नाहीये.) भाच्याने फोन केला, काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि ग्रुपवर एकजात सगळ्यांनी सल्ला दिला, काकू पासवर्ड बदला. काकूंनी बदलला, दोन दिवसांनी नवीन पासवर्ड विसरल्या आणि स्वतःच स्वतःच्या अकाउंटच्या बाहेर बसल्या, आणि तो डुप्लिकेटवाला तिकडे आरामात सोफे विकत होता. कारण त्याच्याकडे काकूंचा पासवर्ड कधी नव्हताच. त्याला लागतो कशाला, डीपी पब्लिक, कव्हर फोटो पब्लिक, फ्रेंड लिस्ट पब्लिक, सगळा माल दुकानाच्या बाहेरच मांडलेला.

डुप्लिकेटवाले एक हुशारी करतात ती लक्षात ठेवा, अकाउंट काढलं की आधी खऱ्या माणसाला ब्लॉक करतात. म्हणून तुम्ही स्वतः कितीही सर्च केलं तरी ते तुम्हाला दिसत नाही आणि बाकी सगळ्यांना दिसतं. मग मित्र स्क्रीनशॉट पाठवतात, त्यात नुसता फोटो आणि नाव. तो स्क्रीनशॉट काही कामाचा नाही, कारण त्या नावाची पन्नास माणसं निघतात आणि फोटो तर तुमचाच आहे. मागायची ती त्या प्रोफाइलची लिंक, तीन टिंबांवर जाऊन कॉपी लिंक, ती तुम्हाला पाठवायला सांगा आणि सोबत चॅटचे स्क्रीनशॉट. नाव तो कधीही बदलेल, लिंक हातात असली तर त्याला पकडायला काहीतरी धागा राहतो. पुढे पोलिसांकडे गेलात तर ते पण लिंकच मागतात.

रिपोर्ट करताना नेमका पर्याय निवडणं महत्त्वाचं. फेसबुकवर तुम्हाला ते दिसत नसेल तर मित्राला सांगा, त्याने त्या फेक प्रोफाइलवर जाऊन तीन टिंबं, रिपोर्ट, मग दुसऱ्या कोणाचं तरी सोंग घेतलंय अशा अर्थाचा जो पर्याय आहे तो, आणि मग कोणाचं ते विचारतात, तिथे 'मित्राचं' निवडून तुमचं खरं प्रोफाइल दाखवायचं. घाईघाईत लोक स्पॅम किंवा 'मला आवडलं नाही' टाइपचं काहीतरी दाबतात आणि मग आठवडाभर बोंबलत बसतात की काहीच होत नाही. इन्स्टाचं जरा कडक आहे, ते म्हणतात ज्याच्या नावाने फेक काढलंय त्याने स्वतः किंवा त्याच्या वतीने बोलू शकणाऱ्याने, म्हणजे लहान मुलाचे आईबाप वगैरे, कळवलं तरच आम्ही उत्तर देऊ. तुमचं इन्स्टावर अकाउंटच नसेल आणि तरी कोणी तुमच्या नावाने काढलं असेल तर हेल्प सेंटरमधे वेगळा फॉर्म आहे, त्यात ओळखपत्राचा फोटो जोडावा लागतो. आणि ते "सगळ्यांनी मिळून रिपोर्ट करा, १०० रिपोर्ट झाले की उडतं" हे निव्वळ थापा आहेत. किती जणांनी रिपोर्ट केलं यावर ठरत नाही असं कंपन्या स्वतःच सांगतात, नियम मोडलाय की नाही ते बघतात. तेव्हा शंभर चुकीच्या रिपोर्टपेक्षा तुमचा एक नीट केलेला बरा. रिपोर्ट कोणी केला ते समोरच्याला कळत नाही, त्यामुळे ती भीती नको.

एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) मात्र जरा बघून घ्या, तिथे विडंबन करणारी अकाउंट चालतात, फक्त ते विडंबन आहे असं नावाच्या सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलेलं पाहिजे आणि डीपी हुबेहूब खऱ्या माणसाचाच नको. एखाद्या पुढाऱ्याच्या नावाने कोणी टिंगल करत असेल आणि हे दोन्ही पाळलेलं असेल तर ते फेक म्हणून सहसा उडणार नाही.

आता दुसरी बाजू, खरंच हॅक. इथे चोराला तुमचा पासवर्ड किंवा कोड मिळालेला असतो आणि तो बहुतेक वेळा आपणच दिलेला असतो, "माझ्या मुलीला चित्रकला स्पर्धेत व्होट कर, लिंक पाठवतो", "तुमच्या पेजवर कॉपीराइटची तक्रार आहे, २४ तासांत बंद होईल", किंवा व्हॉट्सॲपवर "चुकून तुझ्या नंबरवर माझा ६ आकडी कोड आलाय, पाठव ना". आणि हे मागणारा पण तुमचा ओळखीचाच असतो, कारण त्याचं अकाउंट आधी गेलेलं असतं. इथे रिपोर्ट बटणाच्या मागे लागू नका. फेसबुक डॉट कॉम स्लॅश हॅक्ड आणि इन्स्टाग्राम डॉट कॉम स्लॅश हॅक्ड, ही दोन पानं त्यासाठीच आहेत, शक्यतो ज्या फोनवर नेहमी लॉगिन करता त्याच फोनवरनं उघडा. ईमेल बदलला गेला असेल तर जुन्या ईमेलवर तसा मेल आलेला असतो, त्यातनं तो बदल उलटा फिरवता येतो, म्हणून स्पॅम फोल्डर पण चाळा. इन्स्टा कधीकधी मान इकडे तिकडे वळवत व्हिडिओ सेल्फी काढायला लावतं, तुमचे स्वतःचे फोटो अकाउंटवर असतील तरच त्याचा उपयोग.

व्हॉट्सॲपचं त्यामानाने लवकर सुटतं. तुमच्याच नंबरने परत रजिस्टर करा, एसएमएसवर ६ आकडी कोड येईल, तो टाकला की चोर आपोआप बाहेर फेकला जातो. त्याने मधल्या मधे टू स्टेप पिन (कोड टाकल्यावर वर आणखी मागितला जाणारा पिन) लावला असेल तर तुम्हाला पिन बदलायला ७ दिवस थांबावं लागतं, वैताग आहे, पण तो बाहेर गेलेला असतो हे लक्षात घ्या. आणि कोणाच्या सांगण्यावरनं फोनवर चांदणी-आकडे असलेला काही नंबर डायल केला असेल तर तुमचे कॉल दुसरीकडे वळवलेले असू शकतात, दोनदा हॅश, ००२ आणि परत हॅश असं डायल केलं की सगळं फॉरवर्डिंग बंद होतं.

व्हॉट्सॲपवर डुप्लिकेट पण असतं बरं का. अनोळखी नंबर, डीपी तुमच्या साहेबांचा, "मीटिंगमधे आहे, फोन करू नको, गिफ्ट कार्ड घेऊन पाठव". साहेबांचं व्हॉट्सॲप ठणठणीत असतं, नंबर फक्त दुसऱ्याचा. तिथे त्या नंबरला रिपोर्ट करा, रिपोर्ट केल्यावर त्याने पाठवलेले शेवटचे ५ मेसेज कंपनीकडे जातात, म्हणून आधी ब्लॉक आणि चॅट डिलीट करून मोकळं होऊ नका. आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, मग ब्लॉक, हाच क्रम.

मधली एक जात असते ती सगळ्यात फसवी, तुमचं अकाउंट तुमच्याकडे चालतंय आणि चोर पण आतच आहे. सेटिंगमधे कुठे कुठे लॉगिन आहे ती यादी असते, तुम्ही अंधेरीच्या पलीकडे कधी गेला नाहीत आणि यादीत भलत्याच राज्यातला भलताच फोन दिसतोय तर सगळीकडनं लॉगआउट करा आणि मग पासवर्ड बदला. व्हॉट्सॲपला हेच लिंक्ड डिव्हाइसेसमधे दिसतं.

शिवीगाळ करणारं अकाउंट या दोन्हीत बसत नाही. स्वतःच्या खऱ्या नावाने आई-बहिणीवरनं शिव्या घालणारा माणूस फेक नाहीये, तो तसाच आहे. त्याला फेक म्हणून रिपोर्ट केलं तर उत्तर येणार की नियमात बसतं. तिथे प्रोफाइल नाही, ती नेमकी कमेंट किंवा मेसेज दाबून छळ, धमकी असं जे असेल ते निवडायचं.

बाकी खबरदारी पण दोघांची वेगळी. डुप्लिकेट टाळायला फ्रेंड लिस्ट 'ओन्ली मी' करा आणि प्रोफाइल लॉक करा, फेसबुकने ते २०२० मधे भारतात आणलंय, तरीही लोकांना माहीत नसतं. हॅक टाळायला टू स्टेप, म्हणजे पासवर्डच्या वर आणखी एक कोड किंवा पिन मागणारं सेटिंग. टू स्टेप लावून डुप्लिकेट थांबत नाही आणि प्रोफाइल लॉक करून हॅक थांबत नाही.

हॅक झालंय असं एक्सवर वगैरे जाहीर लिहिलंत की खाली लगेच कमेंट येतात, "अमक्याला मेसेज करा, त्याने माझं अकाउंट परत मिळवून दिलं". ते सगळे त्याच धंद्यातले. गुगलवर कस्टमर केअर नंबर पण शोधू नका, इन्स्टाचा असा फोन उचलणारा नंबर नाहीये, जो सापडेल तो चोराचाच.

कंपनी दाद देत नसेल तर २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे प्रत्येक मोठ्या प्लॅटफॉर्मला भारतात तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, त्याला लिहा. तोतयागिरीच्या तक्रारीला त्या नियमांत २४ तासांची मुदत घातली होती. त्याचं उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं, वकील वगैरे लागत नाही.

आणि पैसे गेले असतील तर हे सगळं बाजूला ठेवून आधी सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, म्हणजे १९३० ला फोन लावा. १५५२६० असा जुना नंबर असलेले फॉरवर्ड अजून फिरतात, तो विसरा. हातात व्यवहाराचा नंबर, बँकेचं नाव, रक्कम आणि वेळ तयार ठेवा, जितक्या लवकर कळवाल तितकी चोराच्या खात्यातच पैसे रोखले जाण्याची शक्यता जास्त, दुसऱ्या दिवशी भाऊ ऑफिसमधनं आला की बघू असं करत बसू नका. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. दुसऱ्याचा पासवर्ड वापरला तर आयटी कायद्याचं कलम ६६ सी आणि तोतया बनून फसवलं तर ६६ डी, दोन्हीला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड, म्हणजे तक्रारीत पण काय झालंय ते बरोबर लिहिलेलं बरं. मुंबईत सायबरची दक्षिण, मध्य, पूर्व, पश्चिम, उत्तर अशी पाच ठाणी आहेत, पण तिथेच जायला पाहिजे असं नाही, जवळच्या पोलीस ठाण्यात पण देता येते. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची आहे, तेव्हा हे आमच्या हद्दीत येत नाही असं कोणी म्हणालंच तर कलम १७३ चं नाव घ्या. पोर्टलवर तक्रार केली की एक नंबर मिळतो तो कागदावर लिहून ठेवा, नुसता त्याच फोनमधे ठेवू नका.