वाकलेला कान सरळ करताना

मनगटी घड्याळ फरशीवर आपटलं की कधी काच फुटते, तर कधी केसचा, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या डबीचा, कान वाकतो. कान म्हणजे पट्टा ज्यांच्यामध्ये अडकतो ती चार टोकं. कान दीड-दोन मिलिमीटर जरी आत वळला तरी पट्ट्याची स्प्रिंगची काडी तिरकी बसते आणि एक दिवस घड्याळ हातातून निसटतं. अशा वेळी पक्कड घेऊन कान बाहेर ओढावासा वाटतो. एका जुन्या पितळी केसवर मी तेच केलं. पहिल्या ओढीत कान जरा जास्तच बाहेर आला, म्हणून परत आत दाबला. तेव्हा मुळाशी दोऱ्याएवढी बारीक रेघ उमटली. अजून थोडासा सरळ करायला गेलो आणि कान पकडीतच राहिला.

पहिल्यांदा सहज वाकलेला धातू तिसऱ्यांदा तुटतो, याचं कारण त्याच्या आतल्या रचनेत आहे. धातूचे अणू ओळीने रचलेले असतात, पण त्या रचनेत जागोजागी एखादी ओळ अर्धवटच संपलेली असते. आपण धातू वाकवतो तेव्हा सगळ्या ओळी एकदम सरकत नाहीत. हे दोष रचनेतून पुढे पुढे सरकतात आणि त्यांच्यामागे धातूचा आकार बदलत जातो. जड सतरंजी अख्खी ओढण्यापेक्षा तिला एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलणं सोपं जातं, तसंच हे. 1934 साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे हा उलगडा केला.

अडचण अशी, की वाकवताना नवे दोष तयार होतात आणि ते एकमेकांत गुंतून बसतात. मऊ धातूच्या एका घनमिलिमीटरमध्ये या दोषांच्या रेषा एकापुढे एक मांडल्या तर काही मीटर ते फार तर किलोमीटरभर भरतील. तोच धातू ठोकून-वाकवून कडक केला की ही लांबी हजार किलोमीटरच्या घरात जाते. एवढ्या गुंत्यात सरकायला जागा उरत नाही. धातू कडक होतो, आणि पुढच्या जोराला वाकण्याऐवजी चिरतो.

यावर सोनाराचा जुना उपाय म्हणजे ताव देणं. पितळ साधारण 450 ते 650 अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की धातू ज्या बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो, त्यांतल्या जुन्या, गुंतलेल्या कणांच्या जागी नवे स्वच्छ कण वाढतात आणि धातू पुन्हा मऊ होतो. मात्र जुन्या घड्याळांचे कान कधी कधी झाळून जोडलेले असतात, तो जोड तापवताना सुटू शकतो. केसवर क्रोमचा मुलामा असेल तर तावाने तो बिघडतो, आणि नुसतं वाकवलं तरी त्याला भेगा जातात. तिथे कान फार वाकला नसेल तर हात न लावणंच बरं.

स्टेनलेस स्टीलच्या केसची गोष्ट वेगळी. चांगल्या केससाठी सर्रास वापरलं जाणारं 316एल पोलाद मऊ करायला हजार अंशांच्या वर न्यावं लागतं, आणि त्याने पृष्ठभाग काळवंडतो. घरच्या टॉर्चने ते होत नाही. म्हणून स्टीलचा कान थंडच वाकवायचा, आणि तोही शक्यतो एकदाच. शिवाय जोर सोडला की धातू थोडा मागे फिरतो, त्यामुळे हवा त्याहून किंचित जास्त वाकवावा लागतो. टायटॅनियम स्टीलच्या जवळपास निम्मंच ताठ असल्यामुळे तेवढ्याच कडकपणाला ते आणखी जास्त मागे फिरतं.

मी आता काम असं करतो. यंत्र, काच, रबरी रिंग, सगळं आधी बाहेर काढतो. कानाच्या भोकात घट्ट बसेल अशी पोलादी काडी घालतो, कारण भोकापाशी धातू सगळ्यात कमी असतो आणि जोर दिला की तिथेच दुमडतो. व्हाइसच्या, म्हणजे वस्तू घट्ट आवळून धरणाऱ्या शिकंज्याच्या, जबड्यांना चामडं लावतो, कानाला लाकडाचा ठोकळा टेकवतो आणि हळूहळू दाबतो. हातोडी वापरत नाही, कारण तिच्या घावाने धातू पातळ होऊन पसरतो. पातळ झाकणाला पोचा पडला असेल तर तोही आतून गुळगुळीत पोलादाने घासत घासत वर आणायचा. ठोकला तर खड्ड्याच्या जागी फुगवटा येतो. मध्ये मध्ये कॅलिपरने दोन कानांमधलं अंतर मोजतो. कानस मी अगदी शेवटी उचलतो, कारण वाकवलेलं थोडंफार परत आणता येतं, घासलेलं गेलं ते गेलंच.

पितळी केस सरळ झाली तरी तिच्यात ताण उरलेला असतो. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली असताना आपोआप तडकत. पितळातला उरलेला ताण आणि घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया या दोघांनी मिळून ते घडवलं होतं. 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी ते स्पष्ट केलं. घड्याळ धुण्याच्या बऱ्याच द्रावणांत अमोनिया असतो. म्हणून मुलामा नसलेली, झाळ नसलेली पितळी केस वाकवल्यावर मी ती आधी तासभर 250 ते 300 अंशांवर ठेवून ताण उतरवतो, आणि मगच धुवायला घेतो.