बटणपट्टीवर फुगे का येतात?

पोलो टी-शर्ट चार वेळा धुतला की बटणपट्टीवर बारीक फुगे दिसू लागतात आणि आपण गोंदाला नावं ठेवतो. पुष्कळदा गोंद बिचारा चांगला असतो. बिनसलेलं असतं ते दोन कापडांचं.

पट्टीच्या आत चिकटवलेलं एक पातळ कापड असतं. शिंपी त्याला पेस्टिंग किंवा फ्यूजिंग म्हणतात. त्याच्या एका बाजूला पॉलिअमाइड किंवा पॉलिएथिलीनसारख्या प्लॅस्टिकचे सूक्ष्म ठिपके असतात. साधारण १२० ते १४० अंश सेल्सिअसला काही सेकंद दाबलं की ते वितळून वरच्या कापडात शिरतात आणि निवले की पकड घेतात.

शर्टाच्या कापडात धागे उभे-आडवे असतात. होजिअरीत, म्हणजे टी-शर्टाच्या कापडात, मात्र फासातून फास काढलेला असतो. होजिअरी ओढली की सूत ताणलं जातं असं आपल्याला वाटतं, पण सुताची लांबी फारशी बदलत नाही. बदलतो तो फासाचा आकार. आडवं ओढलं की फास रुंद होतो, बुटका होतो, त्याच्या उभ्या पायांतलं सूत सरकून माथ्याकडे जातं. कापडशास्त्रात याहून देखणी गोष्ट मला माहीत नाही! गोंदाचा ठिपका नेमकं हे सरकणंच अडवतो. म्हणून फ्यूजिंग कितीही पातळ असलं तरी होजिअरीचं ताणलं जाणं झपाट्याने कमी होतं.

वाकण्याचंही तेच. वही सहज वाकते, कारण पानं एकमेकांवर सरकतात. तीच पानं चिकटवली तर पुठ्ठा होतो. सारख्या जाडीचे दोन थर नुसते ठेवले तर ताठपणा दुप्पट होतो. सलग चिकटवले तर जाडी दुप्पट होते, आणि ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो ८ पट होतो. गोंद सलग न लावता ठिपक्यांनी लावण्यामागे हे मोठं कारण आहे. क्योतो विद्यापीठाच्या सुएओ कावाबाता यांनी १९७०च्या दशकात कापडाचं वाकणं, तिरपं सरकणं, ताण हे सगळं अगदी हलक्या बलाखाली मोजणारी यंत्रं घडवली. हातांना जाणवणारा हा फरक त्यांवर आकड्यांत दिसतो.

आता फुगे. समजा, १५ सेंटिमीटरची पट्टी आहे. धुतल्यावर होजिअरी ४ टक्के आटली, म्हणजे ६ मिलिमीटर. आतलं कापड १ टक्का, म्हणजे दीड मिलिमीटर. उरलेल्या साडेचार मिलिमीटरने जायचं कुठे? पकड कमी असेल तिथे थर सुटून फुगा येतो. पकड पक्की असेल तर अख्खी पट्टीच लाटांसारखी वाकडीतिकडी होते. म्हणून 'सुपर ग्रिप', 'आजीवन कॉलर' असल्या जाहिरातींना भुलू नये. आटणं जुळलेलं नसेल तर गोंद जितका चिवट, तितकी पट्टी जास्त पिळवटते.

होजिअरीला होजिअरीच्याच जातीचं, ट्रायकॉट विणीचं फ्यूजिंग बरं. तेही एका दिशेला जास्त ताणलं जातं, त्यामुळे कापण्याआधी दोन्ही बाजूंनी ओढून पाहावं आणि त्याची ताणाची दिशा वरच्या कापडाच्या ताणाशी जुळवावी. चिकटवताना इस्त्री सरकवू नये. ठेवावी, दाबावी, उचलावी. सरकवली तर होजिअरी ओढलेल्या अवस्थेतच चिकटते, आणि पहिल्याच धुण्यात ती मूळ मापावर यायला बघते.