स्का आणि रेगे: गिटार सोडा, बेस ऐका

‘गिटार चक्-चक् वाजली की रेगे.’ गाण्यांच्या ऑनलाइन याद्यांपासून कॉलेजच्या बँडपर्यंत सगळीकडे हाच नियम चालतो, आणि तो चुकीचा आहे. ती चक् रेगे जन्मायच्या आधी स्कामध्ये, म्हणजे जमैकाच्याच जुन्या, जलद नाचाच्या संगीतात होती. त्याआधी जमैकाच्या खेड्यापाड्यांतल्या मेंटो संगीतात बँजोवर वाजत होती. अमेरिकेच्या रेडिओवरून जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनला पोचणाऱ्या रिदम अँड ब्लूजमध्ये पियानो हेच काम करायचा. चौघांत सारखी असलेली गोष्ट चौघांतला फरक कसा सांगणार?

रेगे बहुतेकांच्या ओळखीचं आहे. संथ लय, बॉब मार्ली, रास्ताफारी पंथ, २०१८ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत मिळालेलं स्थान, हे सगळं माहीत आहे असं धरून पुढे जाऊ. गोंधळ होतो तो स्कापाशी.

क्रम आधी पक्का करा, कारण निम्मे लोक तो उलटा सांगतात. स्का आधी, रेगे नंतर. जमैका ६ ऑगस्ट १९६२ रोजी स्वतंत्र झाला, त्या सुमाराला तिथल्या नाचाच्या मैदानांवर स्का जोरात होता. १९६४-६५ मध्ये स्कॅटलाइट्स या वाद्यवृंदाने त्याला सर्वांत पक्कं रूप दिलं. त्यातले डॉन ड्रमंड, टॉमी मॅकूक यांच्यासारखे वादक किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये फुंकवाद्यं शिकून आलेले आणि जॅझमध्ये मुरलेले होते. १९६६ च्या उत्तरार्धापासून लय उतरली आणि रॉकस्टेडी ही मधली शैली आली, ती जेमतेम दोन वर्षं टिकली. १९६८ मध्ये टूट्स अँड द मेटल्सच्या ‘डू द रेगे’ या गाण्यामुळे ‘रेगे’ हा शब्द रेकॉर्डवर आला. म्हणजे स्का हा ‘रेगेचा जलद प्रकार’ नाही. घरातल्या थोरल्याला धाकट्याचा प्रकार कुणी म्हणत नाही.

आता खरा फरक. त्यासाठी केरव्याच्या आठ मात्रा बोटांवर धरा: धा गे ना ती, न क धी न.

गिटारची चक् पडते दोन, चार, सहा आणि आठवर. स्कामध्येही तिथेच, रेगेमध्येही तिथेच. ड्रमचा मोठा ठोका, म्हणजे पायाचा ड्रम आणि स्नेअरच्या कडेवरची काठी एकत्र, पडतो तीन आणि सातवर. तोही दोन्हींकडे. स्कॅटलाइट्सचा ड्रमर लॉइड निब हा जोर स्कामध्येच देत होता. रेगेत याच ठोक्याला ‘वन ड्रॉप’ म्हणतात, कारण पहिली मात्रा ड्रमवादक सोडून देतो. आपल्याकडे समेवर सगळे एकत्र येतात, इथे ड्रम नेमका समेवर गप्प असतो. हे फार सुंदर आहे, पण दोन शैली ओळखायला याचाही उपयोग नाही. शिवाय रेगेतच पुढे ‘रॉकर्स’ आणि ‘स्टेपर्स’ हे ठेके आले. स्टेपर्समध्ये पायाचा ड्रम एक, तीन, पाच, सात अशा चारही जागी पडतो, आणि तरी ते रेगेच असतं. ‘वन ड्रॉप नाही म्हणजे रेगे नाही’ असं ठासून सांगणारेही त्यामुळे चुकतात.

गिटार तीच, ड्रम जवळपास तोच. मग उरतो बेस, म्हणजे खर्जात वाजणारं तारवाद्य.

स्कामध्ये बेस चालतो, अगदी शब्दशः. एक, तीन, पाच, सात, प्रत्येक जागी एक स्वर, पायऱ्या चढाव्यात-उतराव्यात तसा, कुठेही न थांबता. ही जॅझमधून आलेली चाल आहे, आणि स्कॅटलाइट्सचा लॉइड ब्रेव्हेट ती उभ्या लाकडी बेसवर वाजवायचा. त्यामुळे ड्रमने समेवर ठोका दिला नाही तरी सम रिकामी राहत नाही, बेस ती भरतो. ऐकणाऱ्याला पुढे ढकलल्यासारखं वाटतं ते यामुळेच. बेस आणि गिटार एकाआड एक येतात, एक बेस, दोन गिटार, तीन बेस, चार गिटार, आणि मध्ये श्वास घ्यायला जागा उरत नाही.

रेगेत बेस चालणं सोडून बोलायला लागतो. त्याची एक ओळ असते, चार-सहा स्वरांची, पुन्हा पुन्हा येणारी, गाण्याच्या चालीइतकीच लक्षात राहणारी. दोन-तीन स्वर झाले की तो थांबतो. कधी समेवर येतो, कधी सम टाळून दुसऱ्या मात्रेनंतर शिरतो. चारही जागा भरायचं बंधन त्याच्यावर नसतं. या थांबण्यामुळे रेगेत मोकळी जागा तयार होते, आणि त्या जागेत ऑर्गनचं ‘बबल’ बसतं: डावा हात गिटारच्या अर्धी मात्रा आधी, उजवा गिटारसोबत, पुन्हा डावा अर्धी मात्रा नंतर. स्काच्या लयीत हे बबल घुसवून बघा, नुसती गर्दी होते.

हा बदल घडला रॉकस्टेडीच्या काळात. इलेक्ट्रिक बेस रुळला, वाद्यवृंद लहान झाले, आणि त्रिनिदादहून आलेला गिटारवादक लिन टेट बेसचीच ओळ गिटारच्या तारा दाबून सोबत वाजवू लागला. १९६६ चा उन्हाळा कडक होता, नाचणारे थकत होते म्हणून लय उतरली, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ऐकायला छान आहे, पण रेकॉर्ड ऐकल्या तर बेसचं कारण जास्त पटतं. बेसला वाक्य बोलायचं असेल तर दोन स्वरांमध्ये अवकाश हवा, आणि अवकाशासाठी लय खाली यायलाच हवी.

एकच गाणं दोन्ही रूपांत ऐकायचं असेल तर मार्लीच्या वेलर्स या गटाचं ‘वन लव्ह’ घ्या. १९६५ चं मूळ ध्वनिमुद्रण स्का आहे, आणि १९७७ च्या ‘एक्सोडस’ अल्बमवर तेच गाणं रेगे होऊन आलं. गायक मार्लीच, मुखडा तोच. पहिलं ऐकताना पाय आपोआप उचलले जातात, दुसऱ्यात खांदे डोलतात. ‘मार्ली म्हणजे रेगे’ हे समीकरणही इथेच मोडतं, कारण साठच्या दशकाच्या पूर्वार्धात मार्ली स्काच गात होता.

लयीचे आकडे सांगायचे तर स्का साधारण मिनिटाला १२० ते १४० ठोके, रेगे ६५ ते ८५; इथे एक ठोका म्हणजे आपल्या दोन मात्रा. घड्याळ लावून मोजलंत तर आठ मात्रांचं एक आवर्तन स्कामध्ये सुमारे २ सेकंदांत होतं, रेगेत सव्वातीन सेकंदांच्या आसपास. पण इथे एक खड्डा आहे. लय मोजणारं अ‍ॅप रेगेला कधी ७२ दाखवतं, कधी १४४. मग कुणी म्हणतं गिटार ‘दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर’, कुणी म्हणतं ‘दोन ठोक्यांच्या मध्ये’, आणि वाद रंगतो. दोघेही बरोबर असतात. एक जण ठायीत मोजतोय, दुसरा दुगुनीत. आठ मात्रा धरल्या की भांडण मिटतं. आणि १४४ हा आकडा पाहून रेगेला जलद स्का समजू नका.

लयीवर सगळी भिस्त ठेवू नका, याला आणखी एक कारण आहे. स्काचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ६० टक्के वेगाने वाजवलं तर रेगे मिळत नाही. मिळतो तो दमलेला स्का, कारण बेस तसाच पायऱ्या मोजत राहतो.

आपल्याकडच्या बँडमध्ये रेगे बसवताना चुका ठरलेल्या असतात. ऑक्टापॅड किंवा ढोलकीची सवय असलेला वादक समेवर ‘धा’ दिल्याशिवाय राहत नाही. त्याला पहिल्या मात्रेवर हात वर धरायला सांगा, अक्षरशः हवेत, आणि तिसऱ्यावर सोडायला सांगा. आठवडाभर जड जाईल. गिटारवादक सहाही तारा छेडतो आणि सूर रेंगाळू देतो. सर्वांत पातळ तीन तारा पुरे, खाली जाणारा एक कोरडा फटका, आणि लगेच डाव्या हाताचा दाब सैल करायचा, बोटं तारेवरून न उचलता. बोटं उचलली तर मोकळ्या तारा किणकिणतात. स्कासाठी तोच फटका खालून वर, अधिक तीक्ष्ण. सर्वांत वाईट चूक बेसवाल्याची: प्रत्येक ठोक्यावर षड्ज धरून ठेवतो. त्या एका सवयीने बाकी चौघांची मेहनत वाया जाते. त्याला पट्टीतले तीन स्वर आणि दोन विश्रांती एवढंच भांडवल द्या.

उरलेले फरक किरकोळ. स्कामध्ये ट्रोम्बोन, सॅक्सोफोन पुढे असतात, रेगेत ते गाण्याच्या फटी भरतात. रास्ताफारी विषय रेगेत जास्त येतो, पण निव्वळ प्रेमगीत असलेली रेगे गाणी ढिगाने आहेत, तेव्हा शब्दांवरून निवाडा नको. लाल-पिवळा-हिरवा टीशर्ट हा तर पुरावाच नव्हे, गोव्याच्या किनाऱ्यावर तो कुठल्याही संगीतासोबत विकला जातो. काळ्यापांढऱ्या चौकटींच्या नक्षीने ओळखला जाणारा स्का इंग्लंडचा, १९७९ च्या सुमाराचा, पंकची धार चढवलेला. आणि रेगेटॉन म्हणजे रेगे नव्हे. त्याचा ठेका डान्सहॉल या जमैकाच्या नंतरच्या शैलीतून निघाला आणि पनामा, प्वेर्तो रिको इथे स्पॅनिशमध्ये वाढला. त्यात दोन-चार-सहा-आठची चक् शोधू नका.

एवढं साधं असून घोळ का होतो? कारण बहुतेक जण हे संगीत मोबाइलच्या स्पीकरवर ऐकतात. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो, आणि तो त्या इवल्याशा स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. उरते फक्त गिटारची चक्. हे संगीत मात्र किंग्स्टनच्या मैदानांवरच्या साउंड सिस्टिमसाठी घडलं, कपाटाएवढ्या खोक्यांतून बेस छातीवर आदळावा म्हणून. चांगले हेडफोन लावा, गाणं एक मिनिट ऐका आणि बंद करा. मग फक्त बेस गुणगुणून पाहा. गुणगुणता येण्यासारखी, थांबे असलेली ओळ सापडली तर रेगे किंवा रॉकस्टेडी. तोंडातून नुसत्या पायऱ्याच निघाल्या, डुम डुम डुम डुम, तर तो स्का.